एकट्याने ब्रेकची हवा काढायची, तर दहा पीएसआय पुरे

हा एपिसोड ऐकून झाला असेल, तरी गाडीला हात लावण्याआधी एकदा वाचून घ्या. आकडे कानाने लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळं इथे लिहून काढलंय.

सुरुवात तोरंगण घाटात झाली. मे महिना, त्र्यंबककडून मोखाड्याला उतरत होतो. गाडीत पाच जण, डिकीत कांद्याची दोन पोती, बाबा चालवत होते आणि अख्खा घाट त्यांचा पाय ब्रेकवर. एका वळणाआधी ते अगदी शांतपणे म्हणाले, "ब्रेक लागत नाहीये." पेडल थेट खाली टेकलं होतं. त्यांनी भराभर पेडल मारलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी डोंगराच्या बाजूला मातीत घालून थांबवली. कोणाला काही झालं नाही. पण अर्ध्या तासाने बघतो तर पेडल पुन्हा ठीक!

हे आपोआप ठीक होणं हाच खरा पुरावा. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आमच्याकडे चार महिने धो-धो पाऊस. नवं डॉट ३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही हमी १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचलाच नाही. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा द्रव झालं. आमचं ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, आम्ही किती वर्षं बदललं नव्हतं ते घरात कोणालाच आठवेना.

नेहमीच्या पद्धतीत दोन माणसं लागतात. एक पेडल दाबून धरतो, दुसरा निपल उघडतो. "दाब... धर... अरे सोडलंस का?" शिवाय जुन्या गाडीत पेडल पार खालपर्यंत दाबलं की मास्टर सिलेंडरचं रबर एरवी जिथे जात नाही त्या गंजलेल्या भागावर घासतं आणि फाटू शकतं. म्हणून मी वरून हवेचा दाब द्यायचं ठरवलं.

भंगारातून ऑइलच्या टाकीचं जादा झाकण आणलं. मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, आतली पिन काढली. झाकणाला श्वास घ्यायला बारीक भोक असतं, ते एम-सीलने बुजवलं. (हे झाकण काम झाल्यावर गाडीवर ठेवायचं नाही, मूळचंच लावायचं.) व्हॉल्व्हला सायकलचा पंप थेट जोडला तर टाकीत जागा इतकी कमी की एका झटक्यात काटा वर जातो. म्हणून मध्ये कुंड्यांना पाणी मारायचा दोन लिटरचा पंप घेतला, कोरा, औषध न भरलेला. त्यात फक्त हवा. नळीवर टी-जॉइंट, टीवर मीटर, सगळीकडे क्लिप.

दाब १० पीएसआय. पंधराच्या वर नाही. मी पहिल्यांदा शहाणपणा करून पंचवीसवर नेला, नळी फटकन सुटली आणि ऑइल बॉनेटवर. ते रंग खातं. लगेच भरपूर पाणी ओतलं, तरी एक डाग राहिलाच.

काम सपाट जागेवर, चाकांना दगड लावून. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. निपलला रिंग पानाच लावा, उघड्या पान्याने कोपरे झिजतात. गंजून अडकलं असेल तर जोर करू नका, तुटलं तर खर्च वाढतो. निपलवर फिश टँकची पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. पाव फेरा उघडलं की आधी काळपट ऑइल, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. निपल बंद. आमच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा क्रम होता. तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. प्रत्येक चाकानंतर आधी दाब सोडा, मग झाकण उघडून ऑइल भरा. टाकी रिकामी झाली की नवी हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. ऑइल सीलबंद बाटलीतलंच, मूळ झाकणावर छापलेल्या ग्रेडचं. एबीएसच्या गाडीत युनिटमध्ये हवा गेली तर स्कॅनर लागू शकतो, तिथे गॅरेजलाच जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंपाने फक्त १० पीएसआय दिले, जोरात ब्रेक मारल्यावर लाइनमध्ये हजाराच्या घरात दाब असतो. म्हणजे पंपावर गळलं नाही याचा अर्थ 'टेस्ट पास' असा होत नाही. निपल घट्ट करून, इंजिन चालू ठेवून बाबांना पूर्ण जोराने पेडल दाबून धरायला लावलं, आणि मी चारही चाकं टॉर्चने बघितली. मागच्या डाव्या निपलवर एक थेंब आला. पुन्हा घट्ट केलं, पुसलं, पुन्हा बघितलं. मग अंगणात दहाच्या स्पीडने, मग सपाट रस्त्यावर, आणि आठवड्याने तोरंगण.

"पेडल कसं आहे?" मी विचारलं.

"कडक आहे," बाबा म्हणाले, आणि वळण यायच्या आधीच त्यांनी दुसरा गिअर टाकला.