पाण्याच्या झोतावर धांवणारी फळी



विहिरीवरचा पंप चालू होतांना नळीचें मोकळें टोंक तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पाण्याचा पहिला लोंढा जोरानें बाहेर पडतांच तें टोंक सापाप्रमाणें वळवळतें व मागें सरकतें. हातांत धरलें असेल तर हातास चांगलाच हिसका बसतो. पाणी पुढें जातें आणि नळी मागें येते. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गतीचे जे तीन नियम सांगितले, त्यांपैकीं तिसऱ्या नियमाचें हें घरगुती उदाहरण होय. दिवाळींतील भुईचक्र याच नियमानें फिरतें. ज्यास ही नळी समजली, त्यास प्रस्तुत लेखाचा अर्धा विषय समजला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

समुद्राच्या लाटेवर उभें राहून घसरत जाण्याची जी फळी असते तिला सर्फबोर्ड म्हणतात. लाट नसेल तेव्हां ती निरुपयोगी. परंतु तिच्या पोटांत विद्युत्घट, मोटार व पंप बसविला, तर तळांतून ओढून घेतलेलें पाणी मागील तोटींतून जोरानें फेंकीत ती शांत पाण्यावरहि धांवते. अशा फळ्या अलीकडे स्वीडन वगैरे देशांत तयार होऊं लागल्या आहेत, आणि कित्येक हौशी लोक त्या घरच्या घरींहि बनवितात. मुकुटबनापासून समुद्र शेंकडों किलोमीटर दूर; तेव्हां असल्या यंत्राशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर या यंत्राच्या इतिहासांतच आहे.

झोतानें नाव चालविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेंत जेम्स रम्से यानें १७८७ सालीं पोटोमॅक नदींत वाफेच्या पंपानें पाणी मागें फेंकणारी होडी चालवून दाखविली. तथापि ही युक्ति लोकांच्या नित्य उपयोगांत आणली ती कोणा दर्यावर्दी कप्तानानें नव्हे, तर न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन नांवाच्या, मेंढ्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्यानें. त्याच्या प्रांतांतील नद्या वेगवान, उथळ व गोट्यांनीं भरलेल्या. साध्या होडीचा पंखा तळाखालीं लोंबत असल्यामुळें दगडावर आपटून मोडावयाचा. १९५० नंतरच्या दशकांत हॅमिल्टननें पंखा नळीच्या आंत घेतलेली होडी बनविली. प्रथम त्यानें झोत तळाखालून सोडला होता. परंतु काम मनासारखें होईना. तेव्हां त्याच्याच एका कामगारानें सुचविलें कीं, तोटी पाण्याच्या पातळीच्या किंचित् वर घ्यावी. तसें करितांच होडी उत्तम चालूं लागली. १९६० सालीं असल्या होड्या कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळईंतून प्रवाहाच्या विरुद्ध वर गेल्या. आपल्या नौदलांत २००९ पासून दाखल झालेल्या कार निकोबार वर्गाच्या गस्ती नौकाहि याच तत्त्वावर चालतात. सारांश, हें यंत्र उथळ व खडकाळ पात्रासाठींच वाढलें. आणि उन्हाळ्यांतील पैनगंगा ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस उथळ पात्र म्हणजे काय हें सांगावयास नको.

आतां झोताचा जोर कसा मोजावा तें पाहूं. दर सेकंदास किती किलो पाणी बाहेर पडतें, त्यास पाण्याच्या वेगानें गुणिलें म्हणजे स्थिर फळीवरील जोर न्यूटन या परिमाणांत मिळतो. हें पडताळून पाहण्यास मोठी फळी नको. बारा व्होल्टचा एक लहान पंप, एक सेंटिमीटर व्यासाची तोटी, एक बादली व एक घड्याळ पुरे. समजा, या तोटीनें १५ लिटरची बादली ४८ सेकंदांत भरली. म्हणजे दर सेकंदास सुमारें ३१२ घन सेंटिमीटर पाणी आलें. तोटीच्या छिद्राचें क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर. त्यानें भागिलें असतां झोताचा वेग सेकंदास सुमारें ४ मीटर निघतो. ०.३१२ किलोस ४ नें गुणिलें कीं जोर आला सुमारें सव्वा न्यूटन, म्हणजे जवळजवळ १२५ ग्रॅम वजनाएवढा. आतां तोच पंप एका लहान फळीवर बसवून ती टाक्यांत सोडावी, मागून ताणकाट्याला बांधावी आणि कांटा काय दाखवितो तें पाहावें. कांटा १२५ च्या ऐवजीं ९० दाखवूं लागला तर निराश होण्याचें कारण नाहीं. तेथेंच खरा अभ्यास सुरू होतो. पंप पाण्याबरोबर हवा ओढतो काय? झोत सरळ न जातां पिळा घेत जातो काय? फळी टाक्याच्या भिंतीला घांसते काय? एकेक कारण शोधून दूर करावें व पुन्हां मोजावें.

माणसास वाहून नेणाऱ्या फळीचें गणितहि याच रीतीनें होतें. तोटी ५ सेंटिमीटर व्यासाची व झोताचा वेग सेकंदास १२ मीटर धरला, तर दर सेकंदास सुमारें साडेतेवीस लिटर पाणी फेंकावें लागतें आणि स्थिर फळीवर सुमारें २९ किलो वजनाएवढा जोर येतो. नुसत्या झोतांतच सुमारें १,७०० वॅट शक्ति जाते. पंप व मोटार यांत निम्मी शक्ति वायां गेली असें धरल्यास घटांतून सुमारें साडेतीन हजार वॅट घ्यावे लागतील. पांच अश्वशक्तीचा शेतीपंप सुमारें ३,७०० वॅटचा असतो. म्हणजे विहिरीवरील पंपाच्या तोडीची शक्ति पायांखालच्या फळींत कोंडावयाची आहे! शिवाय फळी धांवूं लागली कीं जोर कमी होतो. फळीचा वेग सेकंदास ६ मीटर झाला आणि झोताचा वेग व पाण्याचें प्रमाण तेंच राहिलें असें मानिलें, तर दोन वेगांमधील अंतर तेवढेंच उपयोगी पडतें, व २९ किलोंचा जोर साडेचौदांवर येतो. म्हणून बांधलेल्या फळीवर मोजलेला आंकडा धांवत्या फळीचा समजूं नये.

पंपाची रचना अशी असते. फळीच्या तळाशीं पाणी घेण्याचें मुख, त्यावर गवत व शेवाळ अडविणारी जाळी. आंत नळींत फिरणारें पात्यांचें चक्र. त्याच्या मागें स्थिर पातीं. व शेवटीं निमुळती तोटी. चक्र फिरतांना पाण्यास पीळ पडतो. तो मोडून पाणी सरळ करणें हें स्थिर पात्यांचें काम. चक्र आणि नळी यांमधील फट फारच थोडी असावी, नाहींतर पाणी फटींतून मागें वळतें. चक्र अति वेगानें फिरविलें तर त्याच्या पात्यांपाशीं दाब इतका घटतो कीं पाण्याचे थंडपणींच वाफेचे बुडबुडे बनतात. ते फुटतांना पातीं कुरतडलीं जातात आणि जोर घटतो.

फळीचें अंग थर्माकोलचें करून त्यावर काचतंतूंचें कापड राळेनें चिकटवितात. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पॉलिएस्टरची राळ थर्माकोलला विरघळविते. इपॉक्सी राळ विरघळवीत नाहीं. हें ठाऊक नसलेल्याची आठवड्याची मेहनत कांहीं मिनिटांत पाझरून जाते. आकारमान आर्किमिडीजच्या नियमानें ठरवावें: माणूस ६० किलो व यंत्रासह फळी ३० किलो असेल, तर नुसतें तरंगण्यासच ९० लिटर पाणी बाजूस सारलें पाहिजे, उभें राहतांना तोल सांवरण्यासाठीं फळीचें आकारमान त्याहून पुष्कळ अधिक हवें.

विजेच्या बाबतींत मुख्य शत्रु उष्णता. ४,००० वॅट शक्ति ५० व्होल्टवर घेतली तर ८० अँपिअर प्रवाह लागतो. बारा व्होल्टवर घेतली तर ३३३. एखादा सांधा सैल राहून त्याचा रोध केवळ एक शतांश ओहम असला, तरी ८० अँपिअरला तेथें ६४ वॅट उष्णता निघते. बंद डब्यांत तेवढी उष्णता वेष्टण वितळविण्यास पुरेशी होईल. लिथियमचे घट तर अधिकच नाजूक. दुखावले, जास्त भारले किंवा आंत पाणी शिरलें तर पेट घेतात, आणि ती आग सहजीं विझत नाहीं. म्हणून घट जुळविण्याचें काम विद्यार्थ्यांनीं स्वतः करूं नये; संरक्षक मंडलासह तयार संच जाणत्याच्या देखरेखीखालीं घ्यावा, फ्यूज बसवावा, आणि घट भारतांना तो घराबाहेर, उघड्यावर व कोणाच्या तरी नजरेसमोर असावा. बसणाऱ्याच्या मनगटास दोरीनें बांधलेली चुंबकाची किल्ली फळीवर असावी. माणूस पडतांच ती निघून मोटार बंद झाली पाहिजे.

आतां चांचणी. पहिली चांचणी कोरडीच होते. सायकलची ट्यूब दुकानदार पाण्यांत बुडवून बुडबुडे पाहतो, त्याचप्रमाणें यंत्राच्या डब्यांत हलक्या हातानें थोडी हवा भरून सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. जेथें फेंस फुगेल तेथें गळती आहे. दुसरी चांचणी रिकाम्या फळीची: ती भक्कम खुंटास बांधून, मध्यें ताणकाटा लावून, हातपाय तळाच्या मुखापासून दूर ठेवून शक्ति टप्प्याटप्प्यानें वाढवावी, प्रत्येक टप्प्यास प्रवाह, जोर व मोटारीची उष्णता लिहून ठेवावी. तिसरी चांचणी किल्लीची: ती वीस वेळां ओढावी आणि वीसहि वेळां मोटार थांबावी. एकदां जरी थांबली नाहीं, तरी माणूस फळीवर चढतां कामा नये. हें सर्व झाल्यावर, पोहतां येणाऱ्या मोठ्या माणसानें, तरंगजाकीट व शिरस्त्राण घालून, कमरेएवढ्या स्वच्छ व स्थिर पाण्यांत, दोघे जाणते जवळ असतांना प्रथम पोटावर पडून चालवावें.

आणि तें पाणी कोठलें असावें? पावसाळ्यांतील पैनगंगा नव्हे. तिच्या पुरांत झाडांचे बुंधे वाहत येतात. पाण्यानें भरलेली खाणीची खांचहि नव्हे. तिचा कांठ सरळ तुटलेला असतो आणि चढून येण्यास जागा सांपडत नाहीं. जेथें इतर लोक होड्या चालवितात किंवा पोहतात, तेथें तर नव्हेच. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबईच्या बंदरांत इंजिनाची चांचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नौका ताबा सुटून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी नौकेवर आदळली, आणि दहांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ती नौका शिकलेल्या लोकांच्या हातांत होती. मग घरीं बनविलेल्या यंत्राची चांचणी घेणाऱ्यानें किती मोकळी जागा राखावी, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

पालकांस एक विनंती आहे. मुलानें असें कांहीं करण्याचें मनांत आणिलें, तर 'हा खेळ आपल्यासाठीं नव्हे' असें म्हणून त्यास एकदम मोडूं नका, आणि हौसेपायीं मोठ्या यंत्राचे पैसेहि एकदम देऊं नका. बादली, घड्याळ व ताणकाटा यांनीं प्रारंभ करूं द्या. त्याच्या वहींत अंदाजाचा आंकडा व मोजलेला आंकडा शेजारीं शेजारीं लिहिलेले दिसतील. त्यांत ९० च्या जागीं १२५ लिहिण्याचा मोह त्यास कधीं ना कधीं होईलच. टाक्यांतील खेळण्यांत तेवढ्या लबाडीनें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्या फळीवर पुढें धाकटा भाऊ उभा राहावयाचा आहे, तिच्या वहींत ९० आले असतील तर ९० च लिहिलेले असले पाहिजेत.