डब्यावरचा देश आणि आतला पार्ट



मागच्या खेपेला आपण न्यायशास्त्रातलं 'अनुमान' पाहिलं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, धूर आणि अग्नी ठीक आहे, पण रोजच्या व्यवहारात ह्याचा उपयोग काय?" आज त्याचं उत्तर देणार आहोत, आणि तेही गाडीच्या ब्रेकवरून. आमचा विषय तत्त्वज्ञान. गाडीचं बॉनेट उघडलं तर आत काय बघायचं हे आम्हाला आजही नीट कळत नाही. पण ह्या एका बाबतीत आमची चूक झाली, आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली. म्हणून बोलायला हवं.

कुडाळला किंवा कणकवलीला सुट्या भागांच्या दुकानात गेलात, की काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "ओरिजिनल देऊ की लोकल?" 'लोकल' ह्या शब्दाचा अर्थ खरं तर 'इथला'. दुकानात मात्र त्याचा अर्थ होतो 'हलका'. म्हणजे वस्तूच्या गुणाबद्दल विचारायचं असतं, आणि आपण शब्द वापरतो जागेचा. आमची चूक नेमकी तिथेच सुरू झाली.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या जुन्या गाडीला नवे ब्रेक पॅड बसवले. डब्यावर एका परदेशाचं नाव होतं. देश कुठला ते सांगत नाही, कारण त्या देशाचा काही दोष नव्हता. महिन्याभराने कोल्हापूरहून येताना आंबोली घाट उतरत होतो. निम्म्यावर आलो आणि ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ पडलं, दुसऱ्यांदा दाबलं तर पार तळाला गेलं. हँडब्रेक ओढत, गाडी खालच्या गियरमध्ये टाकत कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल परत वर आलं. घरी येईपर्यंत आमचा निष्कर्ष तयार होता : पॅड त्या देशाचे, म्हणून ब्रेक गेले.

हा निष्कर्ष आम्ही वर्षभर भेटेल त्याला ऐकवला. आमचे एक शेजारी पर्यटकांसाठी भाड्याची गाडी चालवतात. त्यांच्या गाडीलाही तेच पॅड होते. सर सांगतायत म्हटल्यावर त्यांनी चांगले पॅड काढून दुप्पट किमतीचे घातले. पुढच्याच मोसमात फोंडा घाट उतरताना, गाडीत कुटुंब बसलेलं असताना, त्यांचं पेडल तसंच खाली गेलं. कुणाला काही झालं नाही. पण झालं नाही, ह्यात आमच्या शहाणपणाचा काहीच वाटा नव्हता.

तेव्हा मेकॅनिकने आम्हा दोघांना विचारलं, "पेडल खाली बसलो काय कडक लागलो?" खाली बसला, म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "ब्रेक ऑइल कधी बदललात?" शेजाऱ्यांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्यांच्याकडे. दोघांनीही गाडी घेतल्यापासून ते बदललेलं नव्हतं.

आता ह्या दोन प्रश्नांत काय आहे ते पाहू. पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते. तेव्हा पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. पेडलच तळाला जातं तेव्हा संशय ब्रेक ऑइलवर घ्यायचा. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं कोरं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, डॉट ४ चं २३० अंशांपर्यंत. पण त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं, की हाच दंडक अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर उतरतो. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की तेल तापतं आणि उकळतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली बसतं. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी आणि पेडल वर. आपल्या किनाऱ्यावरची हवा तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात डब्यातलं मीठसुद्धा पाझरतं. इथे हे तेल दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं.

मेकॅनिकने जे केलं ते शुद्ध अनुमान होतं : लक्षण, त्यावरून कारण. आम्हीही अनुमानच केलं, पण आमचा हेतू 'सव्यभिचार' होता. म्हणजे असा हेतू, जो साध्य असतं तिथेही सापडतो आणि नसतं तिथेही. जिथे धूर तिथे अग्नी, ह्याला अपवाद सापडत नाही. 'जिथे अमुक देश तिथे वाईट माल', ह्याला हवे तेवढे सापडतात. त्याच देशात चांगले पॅड होतात, आणि चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या देशातही वाईट होतात.

इतिहासात हे वारंवार दिसतं. १८८७ साली ब्रिटिश संसदेने व्यापारचिन्हांचा एक कायदा केला. परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावायचं, म्हणजे गिऱ्हाईक हलका जर्मन माल ओळखून टाळेल, असा हिशेब होता. काही वर्षांतच 'मेड इन जर्मनी' हीच अक्षरं पाहून लोक माल घेऊ लागले. युद्धानंतर जपानी माल म्हणजे स्वस्त खेळणी अशी समजूत होती. १९५० मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग ह्यांनी जपानात गुणवत्ता-नियंत्रणाची व्याख्यानं दिली, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं पारितोषिक तिथे सुरू झालं. १९९८ मध्ये ते मिळवणारी पहिली भारतीय कंपनी होती सुंदरम-क्लेटन, ब्रेकचे भाग करणारी. एकेका पिढीत देशाच्या नावाचा अर्थ बदलला. बदललं काय? माती तीच होती. कारखान्यातली तपासणी बदलली.

आणि 'कुठे बनलं' हा प्रश्न तरी सोपा कुठे राहिलाय? पुण्याच्या भारत फोर्जमध्ये घडवलेले क्रँकशाफ्ट परदेशी गाड्यांत जातात. जर्मन कंपनीची गाडी चाकणला तयार होऊन मेक्सिकोत विकली गेली आहे. ती जर्मन, भारतीय, की मेक्सिकन? आयात मालाच्या वेष्टनाबद्दलचा आपला नियम पाहा : मूळ देश, किंवा उत्पादनाचा देश, किंवा जुळणीचा देश छापा, असं तो म्हणतो. कायद्यालाच मध्ये दोन वेळा 'किंवा' घालावा लागतो. एकाच कारखान्यात, एकाच पाळीत, दोन गिऱ्हाइकांसाठी दोन प्रतींचे पॅड निघू शकतात. कोणी काय मागितलं आणि मिळालेलं तपासलं का, त्यावर प्रत ठरते.

मग देशाला काहीच अर्थ नाही का? तसं आम्ही म्हणत नाही. देश म्हणजे तिथले कायदे आणि तिथली तपासणी, आणि माल नापास झाला तर दाद मागायची सोय किती जवळ. म्हणजे देश हा एक धागा आहे. पण धागा हातात आला म्हणजे वस्त्र झालं, असं समजू नये.

पॅडच्या आत काय आहे ते आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही, प्रत्यक्ष गेलं. अनुमान करावं तर आमच्यासारखं होतं. उरतं ते प्रमाण, शब्द. म्हणजे आप्ताचं वचन. आप्त कोण? न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन सांगतात : ज्याला त्या गोष्टीचं साक्षात ज्ञान आहे आणि जसं आहे तसं सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही सारखंच लागू. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्याला सांगतोय की सांगणारा कुठला ते विचारू नका, त्याला माहीत आहे का आणि तो खरं बोलतो का ते विचारा. डब्यालाही हेच दोन प्रश्न विचारायचे.

पहिला, माहीत आहे का? डब्यावर पार्ट नंबर आहे का, तो आपल्या गाडीला लागू आहे का? अनेक पॅडच्या कडेला एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं असतात. पहिलं थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. घाटाने जाणाऱ्याने दुसरं अक्षर पाहावं. ते पहिल्यापेक्षा खाली घसरलेलं नसावं. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. टायरला आयएसआय चिन्हही हवंच.

दुसरा, खरं बोलतो का? इथे 'लोकल' आणि 'डुप्लिकेट' ह्यांत फरक करा. लोकल पार्ट स्वतःच्या नावाने येतो. फार तर कमी टिकेल. डुप्लिकेट दुसऱ्याचं नाव लावून येतो, आणि नावाबद्दल खोटं बोलणारा पोलादाबद्दल खरं बोलेल कशावरून? म्हणून उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता वाचा, क्यूआर कोड असेल तर पडताळा, आणि पक्कं बिल घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूची जबाबदारी उत्पादकावर, आणि काही परिस्थितीत विक्रेत्यावरही येते. बिल नसेल तर ती जबाबदारी कोणाच्या दारात नेणार?

सगळीकडे एवढी छाननी नको. मडगार्ड, वायपर, आरशाचं झाकण लोकल घ्या, खुशाल घ्या. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचे सांधे, टायर, जिथे चुकलं तर माणूस जातो, तिथे मात्र उत्तर देणारा कोणी आहे की नाही ते पाहूनच पैसे मोजा. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच डब्यातलं हवं असंही नाही. तिला माल पुरवणारा कारखाना तोच भाग आपल्या नावाच्या डब्यात बऱ्याचदा कमी दरात विकतो.

शेवटी शेजाऱ्यांविषयी. वर सांगितलेली आप्ताची परीक्षा आम्ही स्वतःला लावली तर आम्ही निम्मे पास होतो. खरं सांगण्याची इच्छा होती, ज्ञान नव्हतं. नावामागे 'डॉक्टर' होतं, आणि त्यांनी ते नाव पाहून आमचं ऐकलं, जसं आम्ही डब्यावरचं नाव पाहून पॅडला दोष दिला. दोघांनीही शिक्का वाचला. त्या पॅडचे पैसे आम्ही देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "सर, पुढच्या टायमाक आधी मेकॅनिकाक इचारूया."

त्याहून चांगला समारोप आमच्याकडे नाही. प्रश्न असतील तर घेऊ.