केळीला मानवेल तेवढेच अंश

इसापूर धरणाच्या कालव्यावर वाढलेली अर्धापूरची केळी बागेतून निघते तेव्हा हिरवी आणि टणक असते. ती पिवळी होते रायपनिंग चेंबरमध्ये. आता तिथल्या जुन्या गोल खटक्याच्या थर्मोस्टॅटऐवजी आकडे दाखवणारा डिजिटल थर्मोस्टॅट बसवला जातो. बदल वरवर किरकोळ आहे, पण केळी फार नाजूक पीक.

तापमान बराच वेळ १३ अंशांखाली राहिलं तर सालीखालच्या बारीक नलिका तपकिरी पडतात, आणि पिकल्यावरही केळी मळकट, राखाडी दिसते. उलट २४-२५ अंशांच्या वर पिकवली तर गर मऊ होतो, पण सालीतलं हरितद्रव्य पुरतं विरत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असा वरून हिरवा, आतून लिबलिबीत माल सहज तयार होतो. म्हणून खोली १६ ते १८ अंशांवर धरून दिवसभर फळ पिकवणारा इथिलीन वायू दिला जातो. दहा लाख भाग हवेत फक्त १०० भाग. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदीच आहे.

जुन्या यंत्रात तांब्याची बारीक नळी आणि तिच्या टोकाला वायू किंवा द्रव भरलेला बल्ब. खोली तापली की आतला दाब वाढतो, छोटा भाता फुगतो आणि विजेचा संपर्क जोडतो, कॉम्प्रेसर सुरू. साधी, चिवट रचना. पण चालू-बंदमधलं अंतर तीन-चार अंशांचं, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने स्प्रिंग सैल होते ती वेगळीच.

डिजिटल यंत्रात धातूंच्या ऑक्साइडांचा मणी असतो, थर्मिस्टर. २५ अंशांना त्याचा रोध बहुधा १० हजार ओहम. शून्याला तो तीसेक हजारांवर जातो. हा फरक मोजून यंत्र अर्ध्या अंशाचं अंतरही राखू शकतं. मला मात्र त्याची दुसरी सोय जास्त मोलाची वाटते. वीज जाऊन लगेच आली तर ते कॉम्प्रेसरला तीनेक मिनिटं थांबवून ठेवतं, म्हणजे आतल्या वायूचा दाब समतोल व्हायला वेळ मिळतो. आपल्याकडची वीज पाहता हे बरंच.

त्याचा रिले, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा आतला स्विच, छोटा असतो. मोठ्या कॉम्प्रेसरसाठी मधे काँटॅक्टर, म्हणजे जास्त प्रवाह पेलणारा मोठा स्विच, हवाच. थेट जोडणी केली तर रिले चिकटतो आणि कॉम्प्रेसर बंदच होत नाही. सेन्सर पंख्यासमोर लटकवला तर पडद्यावर १७.० दिसत राहील आणि क्रेटच्या मध्यावर केळी तापत असेल. इथिलीन लागला की तिचा श्वसनवेग कित्येक पटींनी वाढतो, उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यासाठी खोली अधूनमधून उघडून हवा बदलावी लागते, आणि जाणकार पिकवणारे टोकदार प्रोब थेट गरात खुपसून बघतात.

नवा सेन्सर पारखायचा असेल तर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात तो बुडवावा. आकडा ० यायला हवा. १.२ आला, तर तेवढी वजावट यंत्राच्या सेटिंगमध्ये भरावी, आणि मगच माल लावावा.