परसबागेतील रोगनिदान : आधी परीक्षण, मग उपचार

चिकित्सालयात आलेला रुग्ण स्वतःच्या तक्रारी सांगून झाल्यावर पुष्कळदा जाता जाता विचारतो, ''वैद्यराज, अंगणातली तुळस सुकत चालली आहे, काय करावे?'' औषधी वनस्पती घरी लावा, भाजी शक्य तेवढी परसातली खा, हा सल्ला आपणच दिलेला असतो. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारीही आपलीच ठरते. अनेक घरांत मात्र कारणाचा शोध न घेताच बाजारातील कीटकनाशक फवारले जाते आणि त्याच तुळशीची पाने दुसऱ्या दिवशी काढ्यात पडतात. हे टळावे, या हेतूने प्रस्तुत लेखात परसबागेतील नेहमीच्या तक्रारींचा विचार आम्ही करीत आहोत.

वनस्पतींनाही व्याधी होतात आणि त्यांचे निदान करता येते, हा विचार आपल्या परंपरेत जुना आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत थंडी, वारा व ऊन यांमुळे पाने पिवळी पडणे, कोंब न वाढणे, फांद्या वाळणे ही लक्षणे सांगितली आहेत. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या ग्रंथात वृक्षांच्या व्याधी वात, पित्त व कफ यांच्या आधारे मांडल्या आहेत. ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयातील या ग्रंथाच्या हस्तलिखितावरून डॉ. नलिनी साधले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९६ साली प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी यातील मर्म एवढेच की, दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा रोपालाही लागू पडते.

पाने पिवळी पडणे व रोप मलूल होणे

प्रथम बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी असून रोप मलूल असेल तर पाण्याची न्यूनता आहे. माती ओली असूनही रोप मान टाकत असेल तर मुळे कुजू लागली आहेत, असे समजावे. तुळशीच्या बाबतीत 'प्रश्न' परीक्षा फार उपयोगी पडते. घरातील प्रत्येक जण श्रद्धेने तिला पाणी घालतो आणि कुंडीचे छिद्र बुजलेले असते! येथे निदानपरिवर्जन हीच चिकित्सा होय. छिद्र मोकळे करावे, माती भुसभुशीत करावी आणि वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्यास नवीन पालवी फुटत राहते.

कोणती पाने पिवळी होत आहेत, हेही पाहावे. खालची जुनी पाने प्रथम पिवळी होत असतील तर बहुधा नत्राची उणीव असते. अशा वेळी चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत द्यावे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर रोपाला लोह मिळत नाही. चुनखडीयुक्त माती व कूपनलिकेचे जड पाणी असलेल्या ठिकाणी हे विशेष आढळते.

मिरचीचा चुरडा-मुरडा

मिरचीची पाने वरच्या बाजूस वळून होडीसारखी झाली असतील तर फुलकिड्यांचा, आणि खालच्या बाजूस वळली असतील तर कोळ्यांचा संशय घ्यावा. पानाची खालची बाजू भिंगातून पाहिल्यास खात्री पटते. दोहोंसाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडे साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावी. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या असतील तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणुजन्य रोग आहे. तो असाध्य असल्याने असे रोप उपटून दूर टाकणेच हितावह.

फुले व फळे यांच्या तक्रारी

जास्वंदीवर कापसासारखे पुंजके दिसले आणि खोडावर मुंग्यांची रांग असली तर तो पिठ्या ढेकूण होय. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याचे रक्षण करतात. म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त केल्याविना उपाय टिकत नाही. जास्त ग्रासलेले शेंडे छाटावेत व उरलेले पुंजके साबणाच्या पाण्याने धुवून काढावेत.

टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडून खोलगट होणे हा संसर्ग नव्हे. पाणी कधी भरपूर, कधी मुळीच नाही, अशा अनियमितपणामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. नियमित पाणी व मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन एवढ्याने पुढील फळे बहुधा निर्दोष येतात.

दुधीची फुले गळतात, ही तक्रारही सार्वत्रिक आहे. आरंभी बहुतांशी नरफुले येतात. ती गळणे स्वाभाविक आहे. मादीफुलाच्या मागे इवलासा दुधी दिसतो. तोही पिवळा पडून गळत असेल तर परागीभवन होत नाही, असे समजावे. दुधीची फुले सायंकाळी उमलतात. त्या वेळी नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलास हलकेच लावावेत.

कडू दुधी : विशेष सावधानता

परसातील दुधी क्वचित कडू निघतो. तीव्र उष्णता, पाण्याचा ताण किंवा रानटी जातीशी संकर झालेले बी यांमुळे त्यात कुकुरबिटासिन नामक विषारी द्रव्ये वाढतात. चरकाच्या कल्पस्थानात कटुतुंबी 'इक्ष्वाकु' या नावाने वामक द्रव्य म्हणून आली आहे, हे वाचकांस ज्ञात आहेच. मात्रेविना, पथ्य म्हणून रिकाम्या पोटी प्यालेला त्याचा रस प्राणघातक ठरू शकतो. भारतात असे मृत्यू घडल्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या विषयावर तज्ज्ञ समिती नेमली होती.

म्हणून दुधीचा रस सांगताना प्रत्येक रुग्णास बजावावे की, रस काढण्यापूर्वी फळाचा लहान तुकडा चाखावा. किंचितही कडू लागल्यास थुंकून टाकावा व संपूर्ण फळ फेकून द्यावे. शिजवल्याने वा अन्य रसात मिसळल्याने विष नाहीसे होत नाही, केवळ चव झाकली जाते. रस प्यायल्यावर मळमळ, वांती, अतिसार वा रक्ताची उलटी झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. यावर विशिष्ट उतारा नाही.

उपसंहार

ज्या रोपाचे पान, फूल वा फळ औषधात अथवा आहारात जाणार आहे, त्यावर निदानाविना काहीही फवारू नये. निंबोळी अर्क फवारल्यावरही काही दिवस पाने खुडू नयेत व वापरण्यापूर्वी ती स्वच्छ धुवावीत. रुग्णाची नाडी पाहिल्याविना आपण औषध देत नाही. अंगणातील रोपासाठीही तोच नियम आपण पाळावा आणि आपल्या रुग्णांनाही शिकवावा, एवढीच आमची विनंती आहे.