धरणापूर्वीचे धरण

जलविद्युत प्रकल्पाचा विस्तार करावयाचा म्हणजे कोट्यवधी रुपये डोंगराच्या पोटात गाडावयाचे. तेथे एखादा बोगदा चुकला, तर ती चूक पुढील पिढ्यांना वागवावी लागते. म्हणूनच बांधकामापूर्वी धरणाची लहान प्रतिकृती उभारून तीत पाणी सोडून पाहण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात हे काम चालते. या संस्थेचा आरंभ १९१६ सालचा आहे.

या प्रतिकृती म्हणजे खेळणी नव्हेत. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, प्रतिकृती मूळ धरणाच्या एक-चौसष्टांश असेल, तर तीत पाण्याचा वेग मूळ वेगाच्या एक-अष्टमांश भरतो. आणि तिच्यातील सेकंदाला एक लिटर प्रवाह हा नदीतील सुमारे ३३ हजार लिटर प्रवाहाचा प्रतिनिधी ठरतो. सांडव्याखालील खडक कोठे झिजेल, बोगद्याच्या मुखाशी भोवरे उठतील काय, याचा अंदाज आधीच येतो. पृष्ठताण आणि पाण्यात मिसळणारी हवा मात्र त्या प्रमाणात लहान होत नाहीत. तेव्हा निष्कर्ष काढताना तारतम्य हवेच. तरीही प्रतिकृतीवर झालेला खर्च हा संभाव्य नुकसानीविरुद्ध भरलेला विम्याचा हप्ताच होय.

परंतु प्रतिकृती विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते. कोयनेचे उदाहरण घ्या. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी, जलाशय रिता न करता, बोगद्याच्या तोंडचा शेवटचा खडक सुरुंगाने उडविण्यात आला. या टप्प्याने १,००० मेगावॉटची भर घातली. कृष्णा पाणी तंटा लवादाने मात्र कोयनेतून पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली होती. यंत्रे वाढली, पाण्याचा वाटा तोच राहिला. विस्ताराचा मुख्य लाभ, मागणी शिगेला पोहोचते त्या तासांत अधिक वीज मिळण्याचा.

हा लाभ लहान नाही. पण तो कोणाला मिळतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रयोगशाळेच्या हौदात दिसत नाही. कोयनेच्या विस्थापितांचे पुनर्वसन कित्येक दशके रेंगाळले, हे आपण विसरू नये. यापुढे कोणत्याही विस्ताराला मंजुरी देण्यापूर्वी प्रतिकृतीवरील चाचण्यांचे निष्कर्ष आणि लाभहानीचा सामाजिक ताळेबंद, दोन्ही सोप्या मराठीत लोकांपुढे ठेवावेत. पैसा लोकांचा आहे. हिशेब मागण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.