उतरणीचे धैर्य

पर्वत चढणाऱ्यांच्या कथा आमच्या वाचकांस नवीन नाहीत. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचल्याची वार्ता घरोघर कौतुकाने वाचली गेली. परंतु माथ्यावर गेलेला मनुष्य खाली कसा येतो, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आज आम्ही ज्यांची हकीकत सांगणार आहोत, त्यांनी उतरणे हीच आपली साधना मानली. जेथून दोर लावूनही उतरताना मनुष्याचे पाय कापतात, तेथून पायांस स्की बांधून ते खाली आले.

स्की म्हणजे बुटांस अडकवावयाच्या लांब, अरुंद पट्ट्या. त्यांवर उभे राहून बर्फावरून घसरत जावयाचे, आणि तोल सावरण्यास दोन्ही हातांत काठ्या धरावयाच्या. सौम्य उतारावर हा निव्वळ आनंदाचा खेळ असून युरोपात लहान मुलेही तो खेळतात. तेथील केंद्रांत वाटांना रंगांच्या खुणा असतात; निळी सोपी, तांबडी मध्यम आणि काळी कठीण. आमच्या या हकीकतीचा आरंभ मात्र काळी खूण जेथे संपते तेथून होतो.

आमच्यापैकी बहुतेकांनी स्कीचा उतार कधी पाहिलेला नाही. तेव्हा घरचेच उदाहरण घेऊ. गोमंतकात किंवा बेळगावकडे पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्यास गडी कौलांवर चढतो. त्या छपराचा उतार साधारण ३० अंशांचा असतो, आणि तेथेही तो किती जपून पाऊल टाकतो हे आपण अंगणातून पाहिलेले आहे. ४५ अंशांच्या उतारावर मनुष्य जितका पुढे जातो तितकाच खाली जातो. ५० अंशांवर डोंगराकडील हात बाजूस लांबवला की बोटे बर्फास लागतात. अशा जागी घट्ट बर्फावर एकदा पाय सुटला, तर काही क्षणांत वेग एवढा वाढतो की स्वतःस थांबविणे जवळजवळ अशक्य होते. कड्याकड्यांमधील अरुंद घळींत तर बाजूला सरण्यासही जागा नसते.

अशाच एका घळीपासून या विद्येचा नवा अध्याय सुरू झाला असे मानतात. सिल्व्हँ सोदां हा १९३६ साली जन्मलेला स्वित्झर्लंडचा रहिवासी. व्यवसायाने स्कीशिक्षक आणि पर्वतातील वाटाड्या. १९६७ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील शामोनी गावावरच्या ब्लेतिएर शिखराची स्पेन्सर नावाची घळ तो स्कीवरून उतरला. तिचा वरचा भाग ५० अंशांहून अधिक उताराचा आहे. गिर्यारोहक तीवर बर्फकुऱ्हाड आणि दातेरी लोखंडी तळवे घेऊन चढत. तेथून कोणी स्कीवर उतरेल ही कल्पनाच लोकांस वेडेपणाची वाटली. सोदां तेथेच थांबला नाही. १९७० साली आयगर शिखराचे पश्चिमेकडील अंग, १९७२ साली अलास्कातील डेनाली, १९७७ साली आपल्या काश्मीर-लडाखच्या सीमेवरील ७१३५ मीटर उंचीचे नून, आणि १९८२ साली काराकोरममधील हिडन पीक असे एकेक पर्वत तो उतरत गेला. आठ हजार मीटरांहून उंच शिखराच्या माथ्यापासून तळापर्यंत स्कीवर उतरण्याचा तो जगातील पहिलाच प्रसंग होता. अशक्याचा स्कीपटू हे नाव लोकांनी त्यास दिले.

एवढे साहस करणारा मनुष्य अल्पायुषी ठरला असेल असे वाचकांस वाटेल. सोदां २०२४ साली निवर्तला तेव्हा त्याचे वय ८७ वर्षांचे होते.

हे कसे घडले याचा विचार करू लागलो, तेव्हा आम्हांस या विद्येतील खरी गोष्ट उमगली. तीव्र उतारावर वेगाला काहीच मोल नाही. तेथील सारी कला थांबण्यात आहे. स्कीपटू घळीला आडवा उभा राहतो. स्कीच्या कडा बर्फात रुतलेल्या असतात. मग खालच्या बाजूस काठी रोवून तो अंग किंचित उचलतो, हवेतच दोन्ही स्की फिरवतो आणि विरुद्ध दिशेस तोंड करून पुन्हा आडवा उतरतो. कडा पुन्हा रुतल्या, तोल साधला, श्वास घेतला, की मगच पुढचे वळण. सोदांची रीत थोडी निराळी होती. गुडघे वाकवून, भार टाचांवर घेऊन तो स्कीची टोके एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस फिरवी. मोटारीच्या काचेवरील पाणी पुसणारी दांडी फिरते तशी. रीत कोणतीही असो, प्रत्येक वळणाचा शेवट थांबण्यात झालाच पाहिजे.

यात एक विलक्षण अडचण आहे. भयाने मनुष्य डोंगराला बिलगू पाहतो. परंतु अंग डोंगराकडे झुकले की खालच्या स्कीवरील भार हलका होतो, कड सुटते आणि पाय निसटतो. तग धरावयाचा तर छाती दरीकडे ठेवून भार खालच्या पायावर द्यावा लागतो. म्हणजे ज्या बाजूची भीती वाटते त्याच बाजूस झुकावयाचे. हे एका दिवसात साधत नाही. सौम्य उतारावर सहस्रदा गिरविल्यानंतरच ते अंगवळणी पडते.

बर्फाचीही एक वेळ असते. वसंत ऋतूत रात्री थंडीने बर्फ दगडासारखा गोठतो. सकाळच्या उन्हाने त्याचा वरचा थर थोडा मऊ होतो आणि तेव्हाच कड त्यात नीट रुतते. आणखी उशीर झाला तर तोच थर पाण्याने जड होऊन कोसळू लागतो. म्हणून ही माणसे मध्यरात्रीनंतर निघून अंधारात चढतात, माथ्यावर थांबून बर्फ चाचपतात आणि तो तास साधतो. तो तास आला नाही, तर आल्या वाटेने परततात. थराखाली थर असलेला हिवाळ्यातील ताजा बर्फ तर अधिक फसवा. हिमस्खलने बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरच होतात, म्हणजे जेथे स्कीपटूला जावेसे वाटते नेमक्या तेथेच. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला गेला नाही, तर तो जिवंत सापडण्याची आशा झपाट्याने मावळते. म्हणून संदेश देणारे यंत्र, फावडे आणि बर्फात खुपसावयाची लांब सळई यांवाचून, आणि सोबत्यावाचून, जाणता मनुष्य पुढे जात नाही.

दक्षिण टिरोलच्या हाइनी होल्ट्सरचा नियम याहूनही कडक होता. हा ठेंगणा मनुष्य धुराडी साफ करून पोट भरी. जी वाट उतरावयाची ती आधी स्वतःच्या पायांनी चढावयाची, असा त्याचा बाणा होता. चढताना बर्फाचा प्रत्येक हात हाताखालून जातो. कोठे टणक, कोठे पोकळ, कोठे खडक उघडा, हे कळून येते. अशा रीतीने त्याने शंभराच्या आसपास तीव्र उतार प्रथमच पार केले. तथापि १९७७ च्या जुलैत पिझ रोझेग शिखरावर तो पडला आणि ३२ व्या वर्षी त्याचा अंत झाला. नियम पाळणाराही पडतो, हे येथे लपवून चालणार नाही. सावधपणाने धोका घटतो. तो नाहीसा होत नाही.

मग हे करावेच का, असा प्रश्न आमचे वडीलधारे वाचक विचारतील, आणि तो योग्यच आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस मोंते रोझा पर्वताची पूर्व बाजू आठवली. सुमारे २४०० मीटर उंचीच्या त्या भिंतीवर मारिनेल्ली नावाची घळ आहे. १८८१ साली दामियानो मारिनेल्ली हा गिर्यारोहक तेथे हिमस्खलनात मरण पावला. त्याचेच नाव तिला मिळाले. आठ वर्षांनी, १८८९ साली, मिलानचा आकिल्ले रात्ती नावाचा एक तरुण धर्मगुरू सोबती व वाटाडे घेऊन त्या बाजूने चढला. शिखराजवळ सायंकाळ झाली. अंधारात घाई करण्याऐवजी त्या मंडळींनी अरुंद खडकावर उभ्याने रात्र जागून काढली आणि दुसऱ्या दिवशी आपली वाट सुखरूप पुरी केली. हाच तरुण १९२२ साली पोपमहाशय अकरावे पायस झाला, आणि त्यांनीच १९२३ साली मेंथोनचे संत बर्नार्ड यांस गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. पुढे १९६९ साली त्याच मारिनेल्ली घळीतून सोदां स्कीवर उतरला.

धोक्याच्या जागी जाणे हे आपोआप पाप नव्हे आणि आपोआप पराक्रमही नव्हे. तेथे मनुष्य कसा वागतो यावर ते ठरते, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. नूननंतर काही वर्षांनी सोदांनेच परदेशी स्कीपटूंना हेलिकॉप्टरने काश्मीरच्या डोंगरांवर नेण्याचा उपक्रम चालविला. २००५ साली गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा सुरू झाला, आणि जेथे पूर्वी दिवसभर चढून जावे लागे त्या अफरवतच्या खांद्यावर मनुष्य काही मिनिटांत पोहोचू लागला. होल्ट्सरने जे चढताना शिकले असते ते शिकण्यास आता सवडच उरत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीपटू आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीपटू तेथील हिमस्खलनांत दगावले. आमच्याकडील तरुणही आता सुटीत गुलमर्गला जातात. त्यांनी जरूर जावे. परंतु दोरीने आखलेल्या हद्दीपलीकडचा उतार मोहक दिसला, म्हणजे तो आपला झाला असे समजू नये.

शेवटी आणखी एकाचे स्मरण करून लेखणी ठेवतो. अमेरिकेचा डग कूम्ब्स हा तीव्र उतारावरील स्कीत अग्रगण्य गणला जाई. अलास्कातील व्हाल्डेझ येथे १९९१ आणि १९९३ साली त्याने जागतिक अजिंक्यपद मिळविले, आणि पुढे फ्रान्समधील ला ग्राव्ह येथे तो इतरांस अशा उतारांवर सुखरूप कसे यावे हे शिकवीत असे. ३ एप्रिल २००६ रोजी एका अरुंद घळीत त्याचा तरुण मित्र घसरून कड्यावरून दिसेनासा झाला. कूम्ब्सने दोर मागविला आणि मित्र कोठे पडला हे पाहण्यासाठी तो आडवा सरकत कड्याच्या काठापर्यंत गेला. तेथे त्याचे पाय सुटले. दोघेही परतले नाहीत. मागे पत्नी व लहान मुलगा राहिले.

कोणत्या पारितोषिकासाठी तो त्या काठापर्यंत गेला नव्हता. आयुष्यभर त्याने थांबण्याची विद्या शिकविली. पण मित्र खाली पडलेला असता त्यास थांबवले नाही. त्याचे अजिंक्यपद काळाच्या ओघात लोक विसरतील. ती शेवटची काही पावले मात्र विसरण्याजोगी नाहीत.