विचार कोणी करायचा? पडद्यामागच्याने की पडद्यासमोरच्याने?

विजेचे बिल भरणे, जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढणे, दाखल्यासाठी अर्ज करणे, परगावी शिकणाऱ्या मुलीला पैसे पाठवणे, ही कामे आता बोटाच्या टोकावर आली आहेत असे आपण सहज म्हणतो. हातापायांचे कष्ट खरोखरच कमी झाले. रांगा आटल्या, हेलपाटे वाचले. मात्र पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या डोक्याला पडणारे कष्ट त्याच प्रमाणात कमी झाले का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मघाचा अर्ज क्रमांक काय होता, 'सेव्ह' आणि 'सबमिट' यांत फरक काय, मागे गेल्यास भरलेले सारे पुसले जाईल का, अशा बारीकसारीक शंकांची उत्तरे शोधताना माणूस दमतो. दमलेला माणूस चुकतो, नाहीतर अर्ज अर्धवट टाकून शेजारच्या मुलाला हाक मारतो. नागरिकाला जे काम स्वतःच्या हाताने करता यावे म्हणून पडद्यावर आणले, त्याच कामासाठी त्याला आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. त्यामुळे वापरकर्त्याचे मानसिक श्रम कमी करणे हा निव्वळ सोयीचा विषय राहत नाही. त्यात स्वावलंबनाचा आणि सुरक्षिततेचाही प्रश्न गुंतलेला असतो.

अंगभूत ओझे आणि उपरे ओझे

ऑस्ट्रेलियातील शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये 'बौद्धिक भारा'ची संकल्पना मांडली. मुळात ती विद्यार्थ्यांच्या संदर्भातली होती. पुढे संगणकीय रचनेच्या क्षेत्राने ती आपलीशी केली. तिचे सार असे की, हाती घेतलेल्या कामासाठी आपण जी माहिती क्षणभर मनात धरून ठेवतो, तिला मनात मिळणारी जागा फार तोकडी असते. या जागेवर पडणाऱ्या भारात प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. एक भार विषयातच अंगभूत असतो. कर्ज दहा वर्षांचे घ्यावे की वीस, हे ठरवताना डोके चालवावेच लागते. दुसरा भार मांडणीमुळे लादला जातो. जन्मतारीख लिहिताना आधी दिवस की आधी महिना, हा विचार कर्जाच्या निर्णयात काडीचीही भर घालत नाही. तरीही तो तितकीच जागा अडवतो. चांगल्या रचनेने हा दुसरा, उपरा भार दूर करायचा असतो, जेणेकरून पहिल्या भारासाठी माणसाचे डोके मोकळे राहील.

ही जागा तोकडी म्हणजे नेमकी किती? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात सात, दोन कमी किंवा दोन अधिक, असा आकडा चर्चेत आणला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा चारच्या आसपास असल्याचे प्रतिपादन केले. मिलर यांच्या आकड्याचा हवाला देऊन 'यादीत सातच पर्याय असावेत' असा नियम काही जण सांगतात, तो मात्र चुकीच्या समजुतीवर उभा आहे. डोळ्यांसमोर असलेली यादी पाठ करावी लागत नाही. अडचण येते ती एका पडद्यावरची माहिती लक्षात ठेवून दुसऱ्या पडद्यावर लिहावी लागते तेव्हा. संदेशात आलेला सहा आकडी ओटीपी वाचायचा, तो मनात घोळवत बँकेच्या पानावर परतायचे आणि तिथे टंकायचा, यात वृद्ध माणसाची होणारी ओढाताण आपण सर्वांनी पाहिली आहे. तोच ओटीपी फोनने संदेशातून उचलून रकान्यात आपोआप भरला, की स्मृतीवरचा भार संपतो आणि सुरक्षेची पायरीही जागेवर राहते.

हैदराबादची खिडकी

हा प्रश्न मोबाईलच्या पडद्यापेक्षा जुना आहे, आणि त्याचे एक बोलके उत्तर हैदराबादने कार्यालयाच्या खिडकीतच शोधले होते. उस्मानिया विद्यापीठाला लागून असलेल्या विद्यानगरसारख्या वसाहतीतल्या कुटुंबाचा विचार करा. वीज, पाणी, मालमत्ता कर, दूरध्वनी, जन्म-मृत्यूचे दाखले, प्रत्येकाचा विभाग निराळा. कोणते काम कोणाच्या अखत्यारीत येते, याचा नकाशा नागरिकाने स्वतःच्या डोक्यात बाळगायचा. १९९९ च्या अखेरीस हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांसाठी 'ट्विन्स' नावाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला आणि ऑगस्ट २००१ मध्ये त्यातून 'ई-सेवा' केंद्रे उभी राहिली. या केंद्रांचे खरे वैशिष्ट्य संगणक हे नव्हते. कोणत्याही खिडकीवर कोणतेही काम होईल, हा त्यांचा नियम महत्त्वाचा होता. नागरिकाने समोर दिसेल त्या खिडकीशी जायचे आणि आपले काम सांगायचे.

विभाग पूर्वीइतकेच होते, नियमही तेच होते. कामातली गुंतागुंत नाहीशी झाली नव्हती. ती खिडकीच्या पलीकडे गेली होती. वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडण्याची, रकमा ज्याच्या त्याच्या खात्यात पोहोचवण्याची डोकेदुखी यंत्रणेने स्वतःकडे घेतली. संगणकावर 'कट, कॉपी, पेस्ट' रुजवणारे अमेरिकी संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांनी नेमके हेच तत्त्व सांगितले आहे. प्रत्येक कामात काही गुंतागुंत अटळ असते. ती पुसता येत नाही, फक्त ती कोणी वाहायची एवढे ठरवता येते. एका अभियंत्याने आठवडाभर अधिक कष्ट घेतले तर लाखो लोकांची रोजची काही मिनिटे वाचू शकतात. त्याने ते टाळले, तर तेच कष्ट त्या लाखोंमध्ये वाटले जातात आणि कुणाच्याच हिशेबात दिसत नाहीत.

अकरा अक्षरांपासून सुटका

या तत्त्वाचे आपल्या रोजच्या व्यवहारातले उदाहरण म्हणजे यूपीआय. पूर्वी दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायचे तर लांबलचक खाते क्रमांक आणि त्यासोबत शाखेचा आयएफएससी लागत असे. हा संकेत अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान शून्याचे आणि उरलेली सहा शाखेची. ही विभागणी बँकांच्या यंत्रणेला सोयीची आहे, पण पैसे पाठवणाऱ्याला तिच्याशी काय कर्तव्य? शून्य आणि 'ओ' हे इंग्रजी अक्षर यांत गफलत होण्याची धास्ती मात्र त्याच्याच वाट्याला येई. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय आणले, तेव्हा हे क्रमांक रद्द झाले नाहीत. ते पडद्यामागे गेले आणि पुढे एक सोपा पत्ता किंवा क्यूआर संकेताचा चौकोन उरला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईंना आयएफएससी म्हणजे काय हे ठाऊक नसले तरी त्यांचे काही अडत नाही.

मनात आधीपासून असलेला नकाशा

मानसिक श्रम कमी करण्याचा याहूनही सुंदर मार्ग म्हणजे माणसाला जे आधीपासून येते, त्याचाच आधार घेणे. मराठी टंकलेखनाचे उदाहरण पाहू. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची प्रमाण कळमांडणी शास्त्रशुद्ध आहे आणि सरावलेल्या हातांना ती वेगही देते. परंतु नवख्याला अक्षरांच्या जागा नव्याने पाठ कराव्या लागतात. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत ओळखीची वाटते, पण 'न' की 'ण', 'ल' की 'ळ' असा प्रश्न आला की लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचे संकेत आठवावे लागतात. मराठी शब्द लिहिण्यासाठी मराठी माणसाने मनातल्या मनात आधी इंग्रजी स्पेलिंग रचायचे, हे उफराटेच आहे.

मुंबईच्या आयआयटीमधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने तयार केलेला 'स्वरचक्र' हा कळफलक २०१३ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी उपलब्ध झाला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. 'क' वर बोट ठेवले की त्याभोवती का, कि, की, कु, कू अशी चक्राकार मांडणी उमलते आणि हव्या त्या दिशेला बोट सरकवले की अक्षर उमटते. प्राथमिक शाळेत सुरात म्हटलेली बाराखडी हाच या कळफलकाचा पाया आहे. तो नव्याने शिकवावा लागत नाही, कारण ते शिक्षण शिक्षकांनी कधीच पूर्ण करून ठेवलेले असते. आठवण्यापेक्षा ओळखणे सोपे असते, हे रचनाशास्त्रातले जुने सूत्र इथे थेट आपल्या लिपीतून साकारले आहे.

मात्र मनातला हा नकाशा प्रत्येकाचा सारखा नसतो, याचीही जाण हवी. हैदराबादेतील ई-सेवेनंतर २०११ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात 'मी सेवा' आली आणि आज ती तेलंगणातही परिचित आहे. तेलुगू भाषेत 'मी' म्हणजे 'आपली'. मराठी वाचकाला तेच अक्षर 'स्वतः' असा अर्थ देते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि त्या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत; सहवासाने त्यांना दोन्ही अर्थ कळतात. नव्याने आलेल्या माणसाला मात्र क्षणभर अडखळावे लागते. तेलुगू वाचकासाठी हे नाव अगदी योग्य आहे. परंतु एकच चिन्ह दोन मनांत दोन अर्थ जागवते, ही गोष्ट कोकणी, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या गोव्यात तर विशेषच लक्षात ठेवायला हवी.

भाषेने वाढणारा भार

शब्दांचा भार तर आपण निष्कारण वाढवून ठेवला आहे. 'प्रमाणीकरण अयशस्वी' असे पडद्यावर झळकले की वाचणारा घाबरतो. 'पासवर्ड चुकला, पुन्हा लिहा' असे म्हटले की तो कामाला लागतो. पहिल्या वाक्यात यंत्रणा स्वतःबद्दल बोलते, दुसऱ्यात ती माणसाला पुढची पायरी सांगते. 'अवैध नोंद' असे लाल अक्षरांत दाखवण्याऐवजी 'मोबाईल क्रमांक दहा आकडी हवा, आपण नऊ आकडे लिहिले आहेत' असे सांगितले, तर चूक शोधण्याचे काम संगणकाने केले असे होईल. आकडे मोजणे हे संगणकाचे काम आहे. ते माणसाकडे सोपवण्याचे कारण नाही. मराठी आवृत्ती म्हणजे इंग्रजी पडद्याचे शब्दशः भाषांतर, ही समजूतही याच दोषाला जन्म देते. शुद्ध पण अनोळखी शब्दापेक्षा रुळलेला 'पासवर्ड' बरा. 'उतारा', 'दाखला', 'हप्ता' असे आपले जिवंत शब्द हाताशी असताना त्यांच्या जागी इंग्रजी शब्द बसवण्याचेही कारण नाही.

कुठे थांबवायचे, तेही रचनाच

एवढे सारे सोपे करत गेल्यावर एक सावधगिरी आवश्यक ठरते. प्रत्येक टप्प्यावरचा विचार काढून टाकणे हे ध्येय असू शकत नाही. यूपीआयमध्ये दुसऱ्याकडे पैसे मागण्याची विनंती पाठवता येत असे. फसवणूक करणारे 'तुम्हाला पैसे मिळणार आहेत' असे फोनवर सांगत आणि ही विनंती धाडत. पिन केवळ पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे, हे त्या घाईच्या क्षणी समोरच्याच्या ध्यानात राहत नसे. देणे आणि घेणे यांतला फरक ओळखण्याचा भार बोलण्यात गुंतवून ठेवलेल्या माणसावर पडत होता. त्याला सावध करणाऱ्या जाहिराती वर्षानुवर्षे झाल्या. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील अशा विनंतीची सोयच महामंडळाने बंद केली. इशारे लक्षात ठेवण्याचे काम लोकांवर सोपवण्यापेक्षा धोक्याची वाटच काढून टाकणे अधिक परिणामकारक, हा त्यातला धडा आहे.

याउलट, काही ठिकाणी मुद्दाम थबकवावे लागते. आरटीजीएस आणि एनईएफटीने पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहता यावे, अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिले होते. नाव वाचण्यात दोन क्षण जातात, पण ते सार्थकी लागतात. खाते क्रमांकाचे आकडे पुन्हा पुन्हा पडताळण्यापेक्षा एक ओळखीचे नाव वाचणे डोक्याला हलके आणि चुकीला अधिक आवर घालणारे आहे. उपरा भार घटवून वाचलेले लक्ष नेमक्या निर्णयाच्या क्षणाकडे वळवणे, ही खरी कसोटी.

छोट्या राज्याची मोठी सोय

रचना सोपी झाली की नाही, हे ती करणाऱ्याला स्वतः ठरवता येत नाही. त्याला सारे पाठच असते. त्यासाठी वापरणाऱ्याच्या शेजारी बसून, मध्ये न बोलता पाहावे लागते. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे चष्मा पुसतो, याची नोंद घ्यावी लागते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांच्या मते अशा एका फेरीसाठी पाच माणसेही पुरेशी असतात. त्यांतून बहुतेक ठळक अडचणी हाती लागतात. त्या दुरुस्त करून पुन्हा पाच जणांना बसवावे. यासाठी मोठा निधी लागत नाही.

गोव्यासारख्या लहान राज्याला ही गोष्ट विशेष सोपी आहे. एखादी सेवा ऑनलाइन करण्यापूर्वी पेडण्यातला शेतकरी, सत्तरीतली अंगणवाडी सेविका, मडगावचा दुकानदार, काणकोणातील निवृत्त शिक्षक आणि वास्कोत भाड्याने राहणारा कामगार अशा पाच जणांसमोर तिचा कच्चा मसुदा ठेवणे एका आठवड्यात शक्य आहे. त्यांपैकी एकाने जरी 'आता पुढे काय करायचे?' असे विचारले, तरी त्या प्रश्नाचे उत्तर माहितीपुस्तिकेत छापून भागणार नाही. ते पडद्यावरच, त्याच जागी, त्यांना कळेल अशा शब्दांत मिळाले पाहिजे.